कानाचं टेबल

कपाला कान असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो कोणीतरी लावलेला असतो हे मात्र कोणाच्या डोक्यात येत नाही. लोकांना वाटतं, कप जन्माला येतो तोच कानासकट. छे! कप एका साच्यातून निघतो, कान दुसऱ्या साच्यातून, आणि दोघांची सोयरीक जुळवायला मध्ये माणूस लागतो. कारखान्यात हे काम जिथे चालायचं त्याला सगळे कानाचं टेबल म्हणायचे. त्या टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला थोरली बसायची.

थोरली म्हणजे घरातली थोरली जाऊ. शेजारच्या स्टुलावर धाकटी. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही ट्रकवर, महिन्यातले निम्मे दिवस रस्त्यावर. घरातली ही नावं कारखान्यात आली आणि टेबलाच्या मास्तरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसली. जावाजावांचं एका घरात पटलं तरी पुष्कळ झालं. या दोघी घरी एका ओट्याशी आणि कामावर एका टेबलाशी, आणि तरी भांड्याला भांडं लागल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. फार प्रेम होतं म्हणून, असं समजू नका. थोरली बोलायची कमी आणि धाकटी दोघींच्या वाटचं बोलायची, त्यामुळे हिशेब बरोबर व्हायचा.

धाकटीला टेबलावर आणली थोरलीनेच. लग्न होऊन घरात आली तेव्हापासून ती नुसती सासूच्या पुढ्यात बसून बोलणी खायची. थोरलीने एक दिवस तिला कामावर नेली, मास्तरांपुढे उभी केली आणि घरी येताना वाटेत सांगितलं, की हे टेबल आहे तोवर तुला कोणाच्या तोंडाकडे बघायला लागणार नाही. धाकटीने ते मनात धरलं. त्याच कमाईवर पुढे तिने लेकीला नर्सिंगला घातलं.

काम दिसायला पोरखेळ. अर्धवट सुकलेले कप लांब फळीवर ओळीने यायचे. नखाने ओरखडा उठेल पण बोटाने दबणार नाही, असे. कान घ्यायचा, त्याची टोकं कपाच्या पोटाला बसतील अशी सुरीने तासायची, पातळ चिखलात बुडवायची आणि कपाला दाबायची. या चिखलाला टेबलावर दही म्हणायचे, आणि नव्या माणसाला ते चाखायला लावायची थट्टा ठरलेली. मग ओल्या कुंचल्याने सांध्यावरून हात फिरवला की झालं. पण कान केसभर जरी तिरका बसला तर भट्टीत तो कपाला आपल्याकडे ओढतो आणि कपाचं तोंड लांबट होऊन बसतं. ओलं असताना हे दिसतं न दिसतं. थोरली कप हातात एकदा गोल फिरवायची आणि तिला कळायचं. याचा तिला गर्व होता, आणि तो ती झाकूनही ठेवायची नाही. दुसऱ्याची फळी समोरून गेली की एक भुवई वर जायची. त्या भुवईला सगळं टेबल टरकून असायचं.

टेबलाचा एक कायदा होता. आपला वाकडा कप आपणच मोडायचा. मूठ आवळायची आणि मातीचा गोळा पायाशी ठेवलेल्या बादलीत टाकायचा. दुसऱ्याच्या कपाला हात लावायचा नाही आणि आपला वाकडा फळीवर सरकवायचा नाही. त्याला कारणही होतं. भट्टीआधी मोडला तर माती पुन्हा कामाला येते, भट्टीनंतर तो नुसता कचरा. पण कारण कोणी सांगत बसायचं नाही. धाकटीने सुरुवातीच्या दिवसांत एक तिरका कप हळूच फळीवर ठेवला, तेव्हा थोरली एक अक्षर बोलली नाही. तिने काम थांबवलं आणि त्या कपाकडे बघत बसली. मग शेजारचा थांबला, मग त्याच्या शेजारची. शेवटी धाकटीने कप उचलला आणि मोडला, डोळ्यांतून घळाघळा पाणी, तेव्हा कुठे टेबल पुन्हा चालू झालं.

अशी वर्षं गेली. मग मालकांनी कारखाना एका मोठ्या कंपनीला विकला, जिचे कारखाने म्हणे देशोदेशी होते. आधी साचे भरणारे गेले, त्यांच्या जागी यंत्र आलं. मग रंगवणारे गेले. त्यांच्या जागी परदेशातून छापून आलेली चित्रं आली, कपाला नुसती चिकटवायची. कानाच्या टेबलावरची माणसं हे सगळं बघत होती. चार दिवस हळहळली, आणि जेवणाच्या सुट्टीत बाकावर ऐसपैस जागा मिळायला लागली तेव्हा ती पाय पसरून बसली. माणूस असाच असतो. शेजाऱ्याचं छप्पर उडालं की आपल्या खोलीत उजेड बरा येतो.

पाळी यायची ती आलीच. एका दुपारी मास्तरांनी टेबलाशी खुर्ची ओढली. हे मास्तर शाळेतले नव्हेत, टेबलाचे. त्यांनी सांगितलं ते असं. समुद्रापलीकडे कंपनी नवा कारखाना घालते आहे. तिथे कान लावायलासुद्धा यंत्राचा हात आहे. हात कान लावतो, पण बसलेला कान सरळ की वाकडा हे त्याला कळत नाही, आणि भट्टीतून निम्मा माल वाया निघतो. म्हणून एक कॅमेरेवाला येणार आहे. चांगल्या हाताचं काम तो वरून आणि बाजूने टिपणार, आणि ते बघून यंत्र शिकणार. शिकलं, तर इथलं टेबल बंद. नाही शिकलं, तर तिकडचे कपसुद्धा कान लावायला इथे येणार. मास्तरांनी हे सांगायला नको होतं. पण टेबल गेलं की टेबलाचा मास्तर तरी कुठे राहतो? ज्याचं जळतं त्याला कळतं.

चांगला हात कोणाचा, हे विचारायची गरज नव्हती. सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या.

नाही म्हणून सांगावं, असं एकाने सुचवलं. नाही म्हणणाऱ्याला त्याच दिवशी घरी बसवतील आणि दुसऱ्याला कॅमेऱ्यापुढे बसवतील, असं मास्तर म्हणाले. तेव्हा धाकटीचं डोकं चाललं. तिचं म्हणणं, नाही कशाला म्हणायचं? हो म्हणायचं आणि घोळ घालून ठेवायचा. मधूनमधून मुद्दाम एखादा कान तिरका लावायचा आणि तो कप चांगल्यांच्याच फळीवर ठेवायचा. यंत्राला वाटेल, वाकडाही चांगलाच. शिकू दे मग त्याला काय शिकायचं ते! ताकास तूर लागू द्यायची नाही. टेबल खूश झालं. कोणी धाकटीच्या पाठीवर थाप मारली, कोणी म्हणालं, हिला कंपनीतच घ्यायला हवी होती.

एकटी थोरली खूश नव्हती. वाकडा कप फळीवर ठेवायचा म्हणजे चारचौघांत तोंडाला काळं फासून बसायचं, असं तिला वाटलं, आणि ते तिने बोलून दाखवलं. टेबलाने समजावलं, मास्तरांनी समजावलं. ती ऐकेना. संध्याकाळी घरी भाजी निवडताना धाकटीने तिच्यापुढचं ताट बाजूला केलं.

"जाऊबाई, पोरीची दोन वर्षं राहिलीत. माझ्यासाठी करा."

थोरलीने ताट पुन्हा पुढ्यात ओढलं. मग बरं म्हणाली. तिचं बरं म्हणजे दगडावरची रेघ, हे धाकटीला माहीत होतं, त्यामुळे ती त्या रात्री निवांत झोपली.

कॅमेरेवाला आला तो अगदीच गरीब गाय. मऊ बोलणारा, सगळ्यांना वाट देणारा, आपला डबा आपण आणणारा. त्याने थोरलीच्या डोक्यावर एक कॅमेरा लावला, बाजूला एक लावला, दिवे लावले, आणि सांगितलं की तुम्ही रोजच्यासारखं करा, मी इथे नाहीच असं समजा. आणि खरोखरच तो मागे जाऊन संगणक मांडीवर घेऊन बसला, इतका गप्प की थोड्या वेळाने लोक त्याला विसरले.

थोरलीने काही कप सरळ केले. मग एक वाकडा करायला घेतला. तो करणं काय सोपं होतं? हात सरळच जायचा. तिने नजर खिडकीबाहेर लावली तेव्हा कुठे तो तिरका बसला. ओठ आवळून तिने तो फळीवर ठेवला. टेबलाने श्वास सोडला. पुन्हा काही सरळ, मग एक वाकडा. हाही फळीवर गेला. मग काम लागलं. माती चांगली होती, दही बेताचं होतं, हात तापला. पुढचा वाकडा तिने केला, गोल फिरवला, मूठ आवळली आणि गोळा बादलीत टाकला.

धाकटीने टेबलाखालून पाय मारला. थोरली दचकली, पुढचा वाकडा फळीवर ठेवला, आणि त्याच्या पुढचा पुन्हा बादलीत. ती बिचारी तरी काय करणार? तिचं सगळं लक्ष वाकडा करण्यात होतं. एकदा का तो झाला, की सुटले म्हणून ती मन सैल सोडायची, आणि पुढचं हात आपला आपण उरकायचा. वाकडा करायचा हे डोक्याने ठरवलं होतं. मोडायचा नाही, हे हाताला कोणी सांगितलंच नव्हतं. धाकटी खोकली. तिने कुंचला खाली पाडला. पुन्हा खोकली, इतकी की मागून तो गरीब गाय उठला आणि तिला पाण्याची बाटली देऊन गेला.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी थोरलीला घेरलं. तिला आपण किती मोडले हेच आठवत नव्हतं. मी ठेवले की फळीवर, असं ती म्हणत राहिली, आणि खोटं बोलत नव्हती. दुपारी उपाय म्हणून बादली लांब नेऊन ठेवली. त्याने इतकंच झालं, की थोरली गोळा घेऊन बादली शोधायची आणि ती नाही असं बघून तो मांडीवर ठेवायची. संध्याकाळी ती उठली तेव्हा अॅप्रनमध्ये मातीचा हा ढीग. दुसऱ्या दिवशीही तेच. करायला गेलं एक, झालं भलतंच, असं म्हणायची वेळ आलेली टेबलाला दिसत होती, पण सगळे मूग गिळून बसले होते. चांगले-वाईट एकत्र झालेत, गोंधळ उडेलच, अशी थोडी आशा अजून होती.

तिसऱ्या दिवशी कॅमेरेवाल्याने वायरी गुंडाळल्या आणि थोरलीपुढे येऊन उभा राहिला. त्याला मनापासून बरं वाटलेलं होतं, आणि ते त्याने सगळ्यांदेखत सांगितलं.

"बाई, चांगले कप आम्हाला कुठेही मिळतात. वाकडे कोणी दाखवतच नव्हतं. जिथे जावं तिथे माणसं कॅमेऱ्यासमोर नीटच काम करतात. तुम्ही इतके वाकडे केलेत आणि मोडून दाखवलेत! यंत्राला हेच हवं होतं. फळीवर दोन-तीन चुकून राहिलेत, ते आम्ही काढून टाकू."

त्याने हात पुढे केला. थोरलीचा हात मातीने भरलेला होता, म्हणून त्याने नुसताच नमस्कार केला आणि गेला.

टेबलावर ज्याला त्याला आपापल्या गतीने उमगलं. थोरली रोजच्यासारखी बसली असती, तर फळीच्या फळी सरळ कप निघाले असते आणि बादली जवळजवळ रिकामी राहिली असती. वाकडे म्हणजे काय, हे कॅमेऱ्याला दिसलंच नसतं. तो रिकाम्या हाताने परत गेला असता. वाकडे आणले ते धाकटीच्या अकलेने, आणि निवडून दिले ते थोरलीच्या सवयीने. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त इथे एकीने हात दाखवला होता आणि दुसरीने दाखवायला लावला होता.

धाकटी "जाऊबाई, तुम्ही" एवढं म्हणाली आणि थांबली. पुढे काय म्हणणार? कोणी कोणाला बोलायचं, हाच प्रश्न होता.

टेबल बंद झालं. मास्तर गेले, सगळी पांगली, भट्टी विझली. जाताना कोणी थोरलीशी वाईट बोललं नाही. एक-दोघं मात्र तिच्याशी न बोलताच गेली. टेबल होतं त्या हॉलचं गोदाम झालं. समुद्रापलीकडून कपांची खोकी यायची, ती उघडायची, खाली कंपनीचं लेबल लावायचं आणि दुकानांना पाठवायची. त्याला थोडी माणसं हवी होती. थोरलीला पहिलं विचारलं. खोकी फोडायला मी जन्माला आले नाही, असं तिने सांगितलं. धाकटीला विचारलं, तर धाकटी दुसऱ्या दिवशी गेली. पोटाला ऐट परवडत नाही, असं ती नवऱ्याला म्हणाली, पण थोरलीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

घरात आता दोघी बोलायच्या ते कामापुरतं. साखर संपली आहे. गिरणीतून पीठ आणायचं आहे. भांडणापेक्षा हे वाईट. भांडणात निदान माणूस मनातलं ओकून मोकळा होतो. सासूबाई दोघींकडे आळीपाळीने बघायच्या आणि म्हणायच्या की या घरात आता घड्याळाचा आवाज ऐकू येतो. थोरलीला आतून खात होतं ते हे, की आपणच हिला तिथे नेली, आपणच शब्द दिला आणि आपल्याच मुठीने तो मोडला. धाकटीला काय खात होतं ते थोरलीने विचारलं नाही. नव्या कपांबद्दल तर अवाक्षर काढलं नाही. ते सरळ असणार, यंत्र आपल्यासारखंच काम करत असणार, हे तिने गृहीत धरलं होतं. रागारागात, पण कुठेतरी थोड्या अभिमानानेही. ते ती कोणाला सांगणार नव्हती.

पण कुंभाराची सून कधी ना कधी उकिरड्यावर येणारच. एका संध्याकाळी धाकटी घरी आली ती कागदात गुंडाळलेले कप घेऊन. एक खोकं पावसात भिजलं होतं, लेबलं निघाली होती, तेव्हा साहेबांनी ते तिथल्या लोकांत वाटून टाकलं. सासूबाईंना कप आवडले. त्यांनी लगेच चहा टाकायला सांगितला.

थोरलीने एक कप उचलला आणि गोल फिरवला. मग दुसरा उचलला. मग उरलेले सगळे ओट्यावर ओळीने मांडले आणि वरून बघितलं. एकाचं तोंड जरासं लांबट, दुसऱ्याचं अंमळ जास्त. कान सगळ्यांचे तिरके. टेबलावर यातला एकही फळीपर्यंत पोचला नसता. आणि थोरलीला आनंद झाला. किती दिवसांनी, पण झाला. तिने धाकटीचं मनगट धरलं.

"अगं, हे शिकलंच नाही! आंधळं आहे ते यंत्र! आता बघ, कंपनी झक मारत टेबल पुन्हा मांडेल."

धाकटीने मनगट सोडवून घेतलं नाही. दुसऱ्या हाताने तिने उकळत्या पाण्याखालचा गॅस बारीक केला. आठवडाभर तिला हे ठाऊक होतं, आणि सांगावं की नाही हे ठरत नव्हतं.

मग तिने सांगितलं. कॅमेरेवाला गोदामात येऊन गेला होता, त्यानेच तिला ओळखून हाक मारली आणि थोरलीची चौकशी केली. यंत्र शिकलं होतं, चांगलं शिकलं होतं. सुरुवातीला तर निम्मे कप ते मोडूनच टाकायचं, थेट थोरलीसारखं. माल पुरेना. दुकानं ओरडायला लागली. तेव्हा वरच्या साहेबांनी यंत्राने मोडायला काढलेले कप मोडण्याआधीच मागवून घेतले, भाजून काढायला लावले, चार लोकांना त्यातून चहा पाजला आणि विचारलं, काही खटकलं का? कोणालाच काही खटकलं नाही. मग यंत्राचं माप सैल केलं. अजून सैल केलं. आता ते काहीच मोडत नाही.

"त्याला कळतं, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "हा कान वाकडा आहे, हे त्याला बरोबर कळतं. पण साहेब म्हणतात, एवढं चालतं."

थोरलीने तिचं मनगट सोडलं. म्हणजे ती सगळे वाकडे फळीवर ठेवती, तरी टेबल गेलंच असतं. सगळे मोडती, तरी गेलंच असतं. धाकटीची अक्कल नसती आणि तिची सवय नसती, तरीही गेलं असतं. दोघींचा काही दोष नव्हता. यात समाधान मानता येईल असं काही तिला सापडेना.

"मग आपलंच वाकडं का नाही चाललं?" तिने विचारलं.

आवाज मोठा नव्हता. सासूबाई बाहेरून चहाचं काय झालं म्हणून विचारत होत्या. थोरली ओट्याला टेकली आणि रडायला लागली. टेबल बंद झालं त्या दिवशी ती रडली नव्हती, माणसं न बोलता गेली तेव्हाही रडली नव्हती. आता मात्र तिला आवरेना, आणि तिने आवरलंही नाही.

धाकटीने गॅस बंद केला आणि तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.